बाकावर बसलेल्या सात मुली

बास्केटबॉलच्या संघात बारा खेळाडूंची नावे असतात. मैदानात एका वेळी पाच उतरतात. उरलेल्या सात जणी बाकावर बसतात, आणि आमच्या भागातल्या महाविद्यालयीन सामन्यांत त्यांतल्या बऱ्याच जणी शेवटची शिट्टी होईपर्यंत तिथेच बसून राहतात. त्या सात जणींविषयी आज लिहायचे आहे. आरोग्याच्या पानावर बास्केटबॉल कशाला, असे काही वाचकांना वाटेल. थोडे पुढे वाचावे, विषय आरोग्याचाच आहे.

सोनगीरहून धुळे वीसेक किलोमीटर. आमच्या वस्तीतली मुले-मुली बारावीनंतर सकाळची एसटी धरून धुळ्याला कॉलेजला जातात. आमचे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, महामार्गावरून जाणाऱ्याला डोंगरावरचा किल्ला दिसतो. बास्केटबॉलसाठी सोनगीरचे नाव कोणी घेतल्याचे आम्ही ऐकलेले नाही. इथे कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट. पण कॉलेजात एखादी मुलगी जरा उंच दिसली, किंवा संघाला नावे कमी पडली, की तिला बास्केटबॉलला उभी करतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या अशाच दोघी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळत होत्या, म्हणून आम्ही काही जण पाहायला गेलो.

एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला सामना आमच्या मुलींच्या संघाने जिंकला, त्याच पाच जणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळल्या. दुपारी दुसरा. समोरचा संघ अंगापिंडाने लहान होता, नेमबाजीही बेताचीच. मध्यंतराला आमच्याकडे नऊ गुणांची आघाडी होती आणि आम्ही घरी फोन करून सांगूनही टाकले. समोरच्या सरांनी मात्र दर चार-पाच मिनिटांनी दोन-दोन मुली बदलायचा सपाटा लावला होता. तिसऱ्या क्वार्टरपासून चित्र पालटले. आमच्या मुलींचा नेम चुकला की चेंडू त्यांच्या हाती, आणि त्यांचा नेम चुकला तरीही चेंडू त्यांच्याच हाती. आमची उंच मुलगी बोर्डाखाली उभी होती, पण नुसती उभी. टाइमआउटमध्ये ती पाण्याच्या बाटलीकडे वाकली आणि म्हणाली, “मन्हा पायच उचलत नही.” पाच गुणांनी सामना गेला. शेवटच्या दोन मिनिटांत तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती रेषेबाहेर जाऊन बसली. बाकावर तेव्हा सहा ताज्या मुली होत्या, ट्रॅकसूटची चेनही न उघडलेल्या. “उपाशी आली असेल,” एवढेच संघाच्या सरांचे निदान.

पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात तिचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने गरोदर नसलेल्या बाईचे ते किमान १२ हवे. म्हणजे ही मुलगी एका दिवसात ऐंशी मिनिटे पळत होती आणि तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे सामानच पाऊण होते.

आमचे म्हणणे असे आहे की तो सामना नेमबाजीने गेला नाही. तो रिबाउंडवर गेला, आणि रिबाउंड गेले ते बाक न वापरल्यामुळे आणि रक्त न तपासल्यामुळे. ही दोन वेगळी कारणे वाटतात. आमच्या मते ते एकच आहे.

आधी रिबाउंडचे पाहू. नेम चुकून बोर्डावरून किंवा रिंगवरून परत आलेला चेंडू पकडणे म्हणजे रिबाउंड. टीव्हीवर मोठ्या व्यावसायिक संघांचे निम्म्याच्या आसपास फटके रिंगमध्ये पडतात. आमच्याकडच्या मैदानांवर दहातले तीन पडले तरी टाळ्या वाजतात. म्हणजे दहातले सात चेंडू परत येतात. समजा दोन्ही संघांनी साठ-साठ वेळा नेम धरला आणि दोघांचे अठरा-अठरा पडले. उरले चौऱ्याऐंशी चुकलेले चेंडू. सामना खरे तर या चौऱ्याऐंशी चेंडूंचा असतो. त्यातले दहा जादा चेंडू एका संघाने आपल्याच हल्ल्यात परत मिळवले तर त्याला नेम धरायला दहा जादा संधी मिळतात. दहातले तीन पडले म्हणजे सहा गुण, आणि आपण हरलो होतो पाच गुणांनी. खेळाची पातळी जितकी साधी, तितके चुकलेले चेंडू जास्त आणि तितके रिबाउंडचे मोल जास्त. तरीही आमच्याकडे सराव कसला होतो? एक तास नेमबाजी. चुकलेल्या चेंडूचा सराव कोणी घेत नाही, कारण त्यात देखणे काही नाही.

“आमच्या मुली बुटक्या, रिबाउंड कुठून मिळणार,” असे सरसकट सांगितले जाते. उंचीचा फायदा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण बराचसा रिबाउंड उडी मारण्याआधीच ठरतो. चेंडू हातातून सुटला की आधी चेंडूकडे बघायचे नाही, जवळची प्रतिस्पर्धी शोधायची, तिच्याकडे पाठ करून, गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून तिला आपल्या मागे अडवून धरायचे. याला बॉक्स आउट म्हणतात. हे पायांचे आणि दमाचे काम आहे. एका सामन्यात ते साठ-सत्तर वेळा करावे लागते आणि दमलेली मुलगी सर्वांत आधी हेच सोडून देते. नेम ती धरतेच, त्याला लोक बघतात. बॉक्स आउट सोडले तर आमच्यासारख्या प्रेक्षकाला कळतही नाही.

अमेरिकेत डेनिस रॉडमन नावाचा खेळाडू होता. तरुणपणी तो डॅलसच्या विमानतळावर रात्रपाळीत साफसफाईचे काम करी. पुढे १९९२ ते १९९८ अशी सलग सात वर्षे तो तिथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये रिबाउंडमध्ये पहिला आला. त्याच्याहून उंच माणसे त्या लीगमध्ये खंडीभर होती. कारकिर्दीत सामन्याला सरासरी सातच्या आसपास गुण आणि तेरा रिबाउंड. विजेतेपदे पाच. आपल्या कोणत्या सहकाऱ्याचा चेंडू हवेत कसा फिरतो आणि चुकला तर कुठे उडतो, याचा तो अभ्यास करी. त्याच्या बाकीच्या वागण्याचा आदर्श ठेवा असे आम्ही अजिबात म्हणत नाही.

आता बाक. एक सामना चाळीस मिनिटांचा, दहा-दहाचे चार क्वार्टर. दर शिट्टीला घड्याळ थांबते, म्हणून प्रत्यक्षात दीड तास जातो. चाळीस गुणिले पाच म्हणजे दोनशे मिनिटांचे काम एका संघाला करायचे असते. पाच जणींनी केले तर प्रत्येकीच्या वाट्याला चाळीस, नऊ जणींनी वाटून घेतले तर बावीस-तेवीस. अठ्ठावीस मीटरच्या मैदानात ये-जा करणाऱ्या मुलीला हा फरक किती जाणवतो ते पळून बघावे. शिवाय दमलेल्या मुलीचे पाय उशिरा पोहोचतात, मग ती हात घालते, फाउल होतो. पाच फाउलना खेळाडू बाहेर. मग जिला वर्षभर एक मिनिट खेळवले नाही तिला शेवटच्या तीन मिनिटांत ढकलायचे, आणि ती गडबडली की “बघा, म्हणूनच खेळवत नव्हतो” म्हणायचे.

आपल्या मराठी माणसाला हे नवीन वाटायला नको होते. खो-खोमध्ये बचाव करणाऱ्या नऊ जणी एकदम पळत नाहीत, तीन-तीनच्या तुकड्या उतरतात. पहिली तुकडी कितीही चपळ असली तरी ती बाद झाल्यावर दुसरी आणि तिसरी किती वेळ काढतात यावर डाव ठरतो. खो-खोचा प्रत्येक जुना खेळाडू तिसरी तुकडी कच्ची ठेवणाऱ्या शिक्षकाला नावे ठेवील. तीच माणसे बास्केटबॉलच्या मैदानावर गेली की पाच जणींवर सगळा भार टाकून मोकळी होतात.

महाविद्यालयीन खेळात खोल बाक आणि रिबाउंड काय करू शकतात याचे आमच्या डोळ्यांपुढचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतले आहे. ७ एप्रिल २०२४ रोजी क्लीव्हलँडमध्ये तिथल्या विद्यापीठांच्या महिला स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूला आयोवा विद्यापीठ आणि त्यांची केटलिन क्लार्क, त्या वेळी सगळ्या अमेरिकेत गाजत असलेली खेळाडू. दुसऱ्या बाजूला साउथ कॅरोलिना विद्यापीठ, प्रशिक्षक डॉन स्टेली, स्वतः ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेली कृष्णवर्णीय स्त्री. क्लार्कने पहिल्या दहा मिनिटांतच अठरा गुण केले. सामन्यात तिचे तीस झाले. तरी साउथ कॅरोलिना ८७–७५ असा जिंकला. रिबाउंड साउथ कॅरोलिनाचे ५१, आयोवाचे २९. आणि बाकावरून उठून आलेल्या खेळाडूंचे गुण? साउथ कॅरोलिनाचे ३७, आयोवाचे शून्य. टेसा जॉन्सन ही पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी बाकावरून आली आणि १९ गुण करून गेली. त्या हंगामात हा संघ अडतीस सामने खेळला आणि अडतीसही जिंकला. आधीच्या वर्षीच्या मुख्य पाचही जणी तोवर शिक्षण संपवून गेल्या होत्या. बाकावरच्या मुली तयार होत्या म्हणूनच हे जमले.

यात एक अडचण आहे, ती लपवणे बरोबर नाही. त्याच दोन संघांची २०२३ च्या उपांत्य सामन्यात गाठ पडली होती. तेव्हाही रिबाउंडमध्ये साउथ कॅरोलिना पुढे होता आणि तरीही ७७–७३ असा हरला. क्लार्कने त्या दिवशी ४१ गुण केले होते. म्हणजे चेंडू परत मिळवून पुन्हा पुन्हा नेम चुकवला तर उपयोग नाही. नेमबाजीला पर्याय नाही हे मान्य. पण क्लार्कसारखी खेळाडू आमच्या तालुक्यात कोणाकडे आहे? आमच्याकडे सगळ्यांचाच नेम सारखा कच्चा आहे, आणि जिथे नेम सारखा तिथे निकाल पायांवर लागतो.

पाय म्हणजे रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. याचा सरळ अर्थ असा की बारा जणींच्या संघात सहाएक जणी रक्त कमी असताना पळत असतील. मुलगी धाप लागते म्हणते, सर आळशी म्हणतात. पाळीत जास्त रक्त जाते हे ती सरांना सांगू शकत नाही, घरी आईलाही सांगत नाही. सकाळी सहाची एसटी, चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, आणि संध्याकाळी घरी आल्यावर पहिली भाकरी. आपल्या खान्देशातली कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून केलेली, सोबत पालेभाजी आणि वर लिंबू पिळलेले, हे खेळाडूच्या डब्यात असायला काय हरकत आहे? लिंबामुळे भाजीतले लोह अंगी लागते, जेवणावर लगेच घेतलेला चहा ते लागू देत नाही. मूठभर शेंगदाणे आणि गूळ खिशात मावतात. मटण-अंडी ज्यांच्या घरी होतात त्यांनी ती मुलीच्या ताटातही वाढावीत, नुसती मुलाच्या नाही. हे बोलायला कडू आहे, पण आमच्याही घरांत हे घडते.

आता सिकलसेल. विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि खान्देशात सातपुड्यातल्या आदिवासी बांधवांत हा रक्तदोष बराच आढळतो, आणि सोयरिकीमुळे तो जिल्ह्याची हद्द मानत नाही. पूर्वी ज्या प्रदेशांत हिवताप फार होता तिथल्या माणसांत तो टिकून राहिला, कारण त्याच्या वाहकांना हिवतापाचा जोर कमी बाधतो. यात लाज वाटावी असे काही नाही, लग्नाच्या बाजारात दडवावे असेही नाही. आई-बाप दोघेही वाहक असले तर दर गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, म्हणून लग्नाआधी कळलेले बरे. वाहक, म्हणजे ज्याच्याकडे दोष एकाच पालकाकडून आला आहे, तो सहसा ठणठणीत असतो. त्याने खेळू नये असे मुळीच नाही, मोठमोठे खेळाडू वाहक असतात. पण उन्हात, पाणी न पिता, न थांबता जीव तोडून पळवले तर वाहकाच्याही लाल पेशी वाकड्या होऊन अडकू शकतात, स्नायू मरू लागतात आणि जीवावर बेतते. अमेरिकेत २००६ साली राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू सरावात एकामागून एक धावा काढून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता. पुढे २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणीचा नियम आला.

लक्षण ओळखायला शिका. साध्या गोळ्यात, क्रॅम्पमध्ये, स्नायू दगडासारखा कडक होतो आणि खेळाडू ओरडतो. सिकलिंगमध्ये पाय गळून जातात, खेळाडू हळूच खाली बसतो, बोलत असतो, स्नायू हाताला मऊच लागतो. अशा मुलाला “ऊठ, नाटक करू नको” म्हणणे हा गुन्हा आहे. त्याला थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या आणि थेट दवाखान्यात न्या. जिला प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे तिने खेळायचे की नाही, किती, हे डॉक्टरने ठरवायचे. आणखी एक, रक्त कमी म्हणून दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून स्वतःच सुरू करू नका. कमी रक्ताचे कारण सिकलसेल असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लोह घेणे बरे नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तीत महाराष्ट्र आहे आणि चाळीस वर्षांपर्यंतच्यांची तपासणी करायचे ठरले आहे. सरकारी दवाखान्यात विचारायला पैसे पडत नाहीत.

म्हणून आम्ही बाक आणि रक्त ही एकच गोष्ट म्हणतो. ज्या संघात नऊ-दहा मुली खरोखर खेळतात तिथे सरांना मुलगी दमली तर बाहेर काढायची भीती वाटत नाही, आणि मुलीलाही “मला बदला” म्हणायची लाज वाटत नाही. जिथे पाचच आहेत तिथे ती मरेपर्यंत पळते, कारण तिच्या जागी कोणी नाही हे तिला माहीत असते. ऑक्टोबरच्या उन्हात सिमेंटच्या मैदानावर हा फरक नुसता गुणफलकाचा राहत नाही.

आणि बाकावरच्या मुलीचेही काही जाते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात धुळे, जळगाव, नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. कॉलेजच्या सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्याचा ‘अश्वमेध’ महोत्सव. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याच्या अटी कडक आहेत, पण पहिली पायरी मैदानात दिसणे हीच. जी तीन वर्षे ट्रॅकसूट घालून बसली तिला निवड समितीने कुठे बघायचे? आणि बसवल्या जाणाऱ्यांत गावाकडून येणाऱ्या मुली जास्त का असतात, हा प्रश्न आम्ही कॉलेजांच्या सरांना नम्रपणे विचारतो. संध्याकाळच्या सरावाला थांबले तर शेवटची एसटी जाते, हे एक उत्तर आहे. सगळे उत्तर तेवढेच आहे असे आम्हाला वाटत नाही.

आम्ही स्वतः काय केले तेही सांगतो, फार नाही. यंदा १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र कमी केली. मंडळात त्यावरून बरीच वादावादी झाली, दोन तरुण अजून बोलत नाहीत. त्या पैशांत विहाराच्या मागच्या अंगणात लोखंडी खांब आणि रिंग बसवली, जमिनीपासून बरोबर ३.०५ मीटर, वेल्डरने दोनदा मोजून. संध्याकाळी बारा मुली येतात. पहिली वीस मिनिटे नेम धरायला बंदी आहे, फक्त बॉक्स आउट. जोड्या लावून, पाठीला पाठ, चेंडू जमिनीवर ठेवून त्याच्यापर्यंत मागचीला पोहोचू द्यायचे नाही. एक आजी रोज कट्ट्यावर बसून बघतात आणि याला खेळ म्हणायला तयार नाहीत. दर पाच मिनिटांनी दोन मुली बदलतात, कोण कितीही चांगली खेळत असली तरी. विहाराच्या फळ्यावर बारा नावे आहेत, पुढे दोन रकाने, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल. रकान्यात आकडा लिहीत नाही, तो मुलीचा खाजगी, फक्त तपासणी झाली की बरोबरची खूण. नऊ नावांपुढे खुणा झाल्या आहेत. उरलेल्या तिघींच्या घरी येत्या रविवारी आमच्यातल्या दोन ताई जाणार आहेत.